हलता बुरूज

रात्री साडेदहाला गेरॉन्ती येतात,
उंबऱ्यावर बूट आपटून बर्फ झाडतात
आणि आत यायच्या आधीच विचारतात, ‘गेलं का?’

नाही गेलं.
काल चार टक्के, आज अकरा,
मग एंगुरीच्या खोऱ्यात कुठेतरी वारा सुटला
आणि परत शून्य.
माझ्या पाहुणेघरात सध्या पाहुणा एकच, हा राउटर.
खिडकीत बसून डोळा मिचकावतो,
काम काडीचं नाही.

आत अकरा मिनिटांची नुत्सा आहे.
पडलेल्या दाताच्या जागेत जीभ घालत
कविता म्हणते, तिसऱ्या ओळीला अडते.
मागे गाय, गायीमागे बुरूज.
आणि तिकडे बारी शहरात खातुना
कुणा परक्या म्हातारीला भरवून, पुसून, निजवून
फोन उशाशी घेऊन पडलेली.

‘चार जीबी आहे हे,’ मी म्हटलं.
जीबी त्यांना कळत नाही. गवत कळतं.
‘मोकळं गवत घसरगाडीवर किती मावतं?’
‘थोडं.’
‘आणि दाबून बांधलं तर?’
‘तिप्पट. पण गायीला कळतं हं,
दाबलेलं कुठलं ते.’

तरी बसलो दाबायला.
सुरुवातीची चाळीस सेकंदं नुसता त्यांचा अंगठा. कापला.
शेवटी फोन खिशात, अंधार, चालत्या पावलांची खसखस.
तेही कापलं. (ते मी ठेवलं असतं, खरं तर.)
चित्राची मापं उतरवली, एकदा, मग अजून एकदा,
फडक्यात बांधलेल्या चीजचं पाणी निथळावं तशी.
तरी तीनशे नव्वदच्या खाली उतरेना.

मग लक्षात आलं, आणि सांगू नये ते सांगून बसले.
‘यंत्र कंजूष असतं, काका.
जे हललं नाही ते दुसऱ्यांदा लिहीत नाही.
भिंत एकदा, डोंगर एकदा,
मग फक्त नुत्साचे ओठ लिहीत बसतं.
पण तुमच्या फिल्ममध्ये बुरूज हलतो.
दर क्षणी हलतो. दर क्षणी त्याला
सगळा बुरूज नव्याने रचावा लागतो,
दगडासकट.’

ते काही बोलले नाहीत.
उजवा हात टेबलावरून उचलून मांडीवर घेतला,
त्यावर डावा ठेवला,
जसं कुणी ओरडणाऱ्या पोराला गप्प करतं.
त्यांच्या पणजोबांच्याही आधीचा तो बुरूज.
भूकंपाला नाही हलला.
‘माझ्या हाताने हलला म्हणायचा,’ ते म्हणाले,
आणि मला वाटलं, थोडे खूशच झाले.

दुसऱ्या दिवशी फोन लाकडांच्या ढिगावर,
दोन ओंडक्यांच्या बेचक्यात घट्ट.
एकशेदहा एमबी. पाव भाजून होईतो पोचलंसुद्धा.
अर्ध्या तासात खातुनाचा आवाज आला:
‘छान दिसतं, बाबा. पण काढलं कुणी?
तुम्ही कुठे होतात?’

पाच-सहा दिवस गेरॉन्ती फिरकले नाहीत.

मग आले. फोन पुढे सरकवला.
ओंडक्यांच्या त्याच बेचक्यातून दिसणारं अंगण,
पण बाकावर नुत्साशेजारी ते स्वतः,
दाढी केलेली, गुंड्या गळ्यापर्यंत.
गुडघ्यावर हात. आणि हात चालू,
त्याच्या त्याच्या वेगात.
नुत्साने मध्येच त्यावर आपलं बोट ठेवलं,
तेही हलायला लागलं, ती हसली,
कविता राहिलीच.

मी दाबलं, लागेल तेवढंच.
बर्फाचा रवा गेला, त्याची पेज झाली,
गाय नुसता तपकिरी डाग उरली,
बुरूज एकदाच लिहिला गेला, बरा उभा होता.
आणि वाचलेली सगळी शाई
यंत्राने त्या हातावर ओतली,
नखांवरच्या रेघा मोजता याव्यात इतकी.

एकशेसाठ एमबी. पाऊण तास.
चहा दोनदा गरम केला.
‘गेलं का?’
‘गेलं.’
मान हलवली, टोपी घेतली,
आणि तसेच बसून राहिले
राउटरकडे बघत,
तिकडून काही उलटं यायला किती जीबी लागतात
याचा हिशेब करत असावेत.