धडा

उमरेडच्या बायपासवर सकाळी साडेआठ.
स्कूटीच्या पायथ्याशी काटा, तीस किलोचा,
डिक्कीत बिलबुक, ब्रश, पेचकस
आणि पितळेची वजनं, मऊ फडक्यात गुंडाळलेली,
थंडीत लेकरू बाहेर न्यावं तशी.

भिवापूरला जायचंय.
सलग तीन शिंका आल्या की समजायचं,
मिरचीचं गाव आलं.

ऑनलाइन मीटिंगमध्ये पुण्याचे साहेब विचारतात,
"मॅडम, पाइपलाइनमध्ये काय आहे?"
मी वहीचं पान उलटते.
लांजेवार किराणा: पोरीचं लग्न पार पडल्यावर.
रुक्साना आपा, रद्दीचं दुकान: भाऊ नको म्हणतो, त्या घ्या म्हणतात.
कुहीचा गजू चाफले, चिकन सेंटर: मार्गशीर्ष संपू द्या.
साहेबांच्या तक्त्यात लग्नाला रकाना नाही,
मार्गशीर्षालाही नाही.
मी सांगते, "सत्तर टक्के, सर."

इथं तोंडावर नाही कोणीच म्हणत नाही.
"पाहू ना जी," म्हणतात.
या 'पाहू'चे प्रकार कळायला मला चार वर्षं लागली.
चहा मागवून म्हटलेलं वेगळं,
मोबाइलमध्ये बघत म्हटलेलं वेगळं.
आणि "बाप्पा, कालच तं येऊन गेली ना तू!"
हे ऐकलं की मी बिलबुक काढते.

इथं वस्तू एकदाच विकता येते,
गिऱ्हाईक मात्र दहादा भेटतं:
बारशाला, बँकेत, दवाखान्याच्या बाकड्यावर.
काटा बिघडला तर तो
पंगतीत माझ्या शेजारी येऊन बसतो.

गेल्या हंगामात पोहनकर शेठनी दार लोटून घेतलं.
"हेडाऊ ताई, पन्नास किलोमागं
किलोभर कमी दाखवणारं काही बसते का आत?
तीन मोठे काटे घेतो. नगद."
तीन मोठे काटे, म्हणजे माझी अख्खी तिमाही.
मी विचार केला. खोटं कशाला बोलू,
पंख्याचे दोनचार फेरे होईस्तोवर केला.

बाबांचा माग मोडीत निघाला तेव्हा मी सातवीत.
भंगारवाल्यानं तराजू उचलला,
त्याचा अंगठा दांडीवर होता.
बाबांना दिसला. मलाही.
बाबा भिंतीकडे बघत राहिले,
आईनं त्या माणसाला पाणी दिलं.

बसतं. मला ठाऊक आहे, बसतं.
"बसत नाही शेठ," मी म्हटलं.
त्यांनी इतवारीतून आणले तिन्ही,
आणि त्या महिन्यात साहेबांनी मला
सगळ्यांसमोर 'मोटिव्हेट' केलं.

आज जायचंय ते त्याच शेठच्या सातऱ्यावर,
पण शेठकडे नाही.
मिरचीचे देठ खुडणाऱ्या बारा बाया,
मजुरी किलोवर.
यशोधरा मेश्राम फोनवर म्हणाली,
"आमचं आम्ही आधी मोजून घेतो,
मंग त्यानं मोजावं."

दहादहाच्या नोटा, नाणी,
लाल पडलेली एक पाचशेची.
मोजायला काट्याच्या किमतीपेक्षा जास्त वेळ लागला.
मी रिकामं टोपलं ठेवलं,
बटन दाबलं, आकडे शून्यावर आले.
"टोपल्याचं वजन गेलं," मी म्हटलं,
"आता दिसल ते निव्वळ तुमचं."
कोपऱ्यातली म्हातारी पुढं सरकली.
"हा तं धडा व्हय. आमचा बुढा गोटा ठेवून करे."
मग प्रत्येकीनं एकेकदा बटन दाबून पाहिलं.
यशोधरानं दोनदा.
शेठ दारात उभे होते. नमस्कार केला.
त्यांनीही केला, थोडा उशिरा.

कमिशन दोनशे दहा रुपये.
निघताना बाजूच्या सातऱ्यातली एक बाई
रस्त्यापर्यंत मागं आली: "केवढ्याले पडते?"

घरी येऊन डोळ्याला हात लागला
आणि अर्धा तास नळाखाली उभी राहिले.
मग एका डोळ्यानंच वहीत लिहिलं:
उद्या कुही.
मार्गशीर्ष संपला.