पंधरा दिवसांच्या आत

वकीलसाहेब,
तुमचं पत्र मंगळवारी पोचलं.
पोस्टमन म्हणाला, एवढा जाड लिफाफा,
सोयरीक बियरीक आली की काय?
मी सही करून म्हटलं, मागणीच आहे.

तीन लाख ऐंशी हजार, पंधरा दिवसांच्या आत.
आज नववा.
पहिलं उत्तर लिहिलं त्यात नुसतं रडणं होतं.
दुसरं पुतण्यानं लिहून दिलं,
पणजीला कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला आहे तो.
'सद्भावनेने', 'अनभिज्ञतेपोटी', 'सबब'.
छान होतं, पण मी त्यात कुठंच दिसेना.

तर सरळ सांगते.
डिचोलीच्या बाजारात आमचं भांड्यांचं दुकान.
तुम्ही पत्ता बरोबर लिहिलात, नवऱ्याचं नाव चुकलात.
तो पांडुरंग नव्हे. फोंडू. कागदावरसुद्धा फोंडूच.
कुकरच्या चाळीस रिंगा घेतल्या
बेळगावच्या हणमंताकडून.
अकरा वर्षं दर दुसऱ्या गुरुवारी यायचा,
आधी पाणी मागायचा, मग ऑर्डर.
बिल आहे. गुलाबी कागद, खाली नंबर.
त्या नंबरावर आता एक बाई
कानडीत काहीतरी गोड सांगते आणि फोन बंद होतो.

अठरा रिंगा तुमची माणसं घेऊन गेली.
त्यांनीही आधी पाणी मागितलं.
एकवीस विकल्या होत्या, रिंगेमागे सात रुपये.
एकशे सत्तेचाळीस.

तुम्ही लिहिता, अस्सल चिकटी उजेडात तिरकी धरली
की आत बारीक दिवा दिसतो.
मी तुमचंच पत्र दारात नेऊन तिरकं धरलं.
शिक्का होता, सही होती,
दिवा काही दिसला नाही.
रागावू नका. आता सगळंच तिरकं धरायची सवय लागलीय,
पाचशेची नोट, दुधाची पिशवी,
फोंडूचं 'होईल गो सगळं ठीक'.

मग तुम्ही न सांगितलेलं एक काम केलं.
वही काढली, दुकान बंद ठेवलं,
आणि घरोघर रिंगा परत मागत फिरले.
मयेची पिएदाद देईना,
बरी चाललीय, कशाला नेतेस?
पोदेराच्या आईनं दिली, वर दोन उंडे दिले.
एक रिंग कुणाच्या तरी लेकीबरोबर बहारीनला गेलीय.
चौदा मिळाल्या.

बोर्ड्यात, सुमतीबायच्या घरी
रिंग फाटलेली होती.
वाफ बाजूनं सुटली, उजव्या मनगटावर.
तिनं टूथपेस्ट लावली, रुमाल बांधला,
आणि मला काही बोलली नाही.
म्हणाली, ओळखीचं दुकान ना.

साहेब, तुमचं पत्र मी पुन्हा वाचलं.
कंपनीच्या लौकिकाला पोचलेली हानी,
चिन्हाचं अवमूल्यन, पत्रव्यवहाराचा खर्च.
मनगट कुठल्या रकान्यात येतं?

मला कळलं नव्हतं हे खरं.
कळून घ्यायला हवं होतं, हेही खरं.
हणमंत दोन रुपये स्वस्त का देतो,
हे मी अकरा वर्षांत एकदाही विचारलं नाही.

तीन लाख ऐंशी हजार माझ्याकडे नाहीत.
सोबत पाठवते: बिलाची प्रत,
हणमंताचा न लागणारा नंबर,
चौदा रिंगा, त्यांतली एक फाटकी.
एकशे सत्तेचाळीस रुपये मलमाला गेले,
वर अठ्ठ्याण्णव लागले.
पावती जोडली आहे.

आपली,
रत्नप्रभा फोंडू मांद्रेकर

ता. क.
हिशेब जुळत नाही हे तुमच्या ध्यानात आलं असेल.
चाळिसावी आमच्याच कुकरला होती.
बदलायला म्हापशाहून नवी आणली, दिवा बघून.
दोन्ही धुऊन एकाच फडक्यावर वाळत घातल्या,
आणि वेष्टन तोवर केरात गेलं होतं.
उकड्या तांदळाला पाच शिट्ट्या लागतात.
त्या होईपर्यंत
फोंडूला मी स्वयंपाकघरात येऊ देत नाही.