सपाता

आमच्या शाळेत बाहेरचे बूट दारातच निघायचे.
बर्फाचा चिखल वर्गात नको,
म्हणून प्रत्येक खुंटीखाली घरच्या सपाता,
कापडी, चौकड्याच्या, आयांनी नाव शिवलेल्या.
देझिदेरच्या खुंटीखाली काही नसे.

वर्तनाच्या वहीत मी हिरव्या शाईने लिहायची.
ऑक्टोबर : मोज्यांवर वावरतो. एक तपकिरी, एक निळा.
नोव्हेंबर : सपाता आणल्या. गुलाबी. वर्गात हशा.
आणि लगेच खालच्या ओळीत :
घंटेआधी उठून पळतो. कारण विचारलं तर जमिनीकडे बघतो.
वर्तन : तीन.
आमच्याकडे एक म्हणजे उत्तम,
चार म्हणजे पोर हातचं गेलं.

औषधवाल्यांचा राडिमही घंटेआधीच उठे,
हॉकीच्या सरावाला.
त्याच्या पानावर माझंच अक्षर आहे :
चपळ. अंगात रग आहे.

फेब्रुवारीत खिडकीवरची वाफ पुसताना दिसलं.
फाटकाशी त्याची बहीण, दुपारच्या पाळीची,
हॉर्नाडपलीकडच्या वस्तीतून चालत आलेली,
थंडीने जागच्या जागी उड्या मारत होती.
देझिदेरने कोटाच्या आतून सपाता काढल्या.
अजून ऊबदार असाव्यात,
कारण तिने त्या आधी गालाला लावल्या.

मला कळलं. नाही असं नाही.
फडकं पिळून ठेवलं, वही उघडली
आणि लिहिलं :
स्वच्छतेच्या सवयी नाहीत. दोघांत एकच जोड.

परवा, एकतीस वर्षांनी,
तो माझ्या न्हाणीघरात फरशा बसवायला आला.
न सांगता दारात बूट काढले.
मी आमच्या ह्यांच्या सपाता पुढे केल्या,
कपाटात त्या तशाच होत्या.
टाचा बाहेर राहिल्या त्याच्या.
"चालतील, बाई," म्हणाला.

दिवसभर पाणसळ लावून बघत होता,
एक डोळा मिटून, श्वास धरून.
बुडबुडा मधोमध आला की मगच पुढची फरशी.
मी दोनदा चहा ठेवला.
बहिणीचं विचारावं असं वाटलं,
पण तिचं नाव मला कधी माहीतच नव्हतं,
ती दुसऱ्या बाईंच्या वहीत होती.

माझी वही माळ्यावर आहे. तिचं काही बोलले नाही.

तो गेल्यावर मी चमचे मोजले नाहीत.
मोजायचे नाहीत,
हे मात्र ठरवावं लागलं.