कंसातलं

त्र्यंबककाका मोतीमहालात लघुलेखक होते,
मध्यभारत नावाचं राज्य होतं तेवढी आठ वर्षं.
भिंतींवर सोनेरी रागिण्या, मांडीवर वीणा घेतलेल्या,
खाली बाकं, पंखे,
जमीनदारीचं विधेयक.

छत फार उंच, काका म्हणत.
मंत्री बोलले की शब्द वर जाऊन
कबुतरांत बसायचे,
खाली उतरेपर्यंत पुढचं वाक्य आलेलं.
मग थोडं अंदाजानं.
कंसातला 'हशा' मात्र चोख,
एकदाही चुकला नाही.

छप्पन साली राजधानी भोपाळला गेली.
बाकं उचलली तेव्हा फरशीवर
पायांच्या खुणा राहिल्या, चार-चार,
जणू म्हशी उठून गेल्यात.
काकांनाही बदलीचा हुकूम होता.
गेले नाहीत.
लश्करात किराणा दुकानाच्या वह्या लिहीत राहिले,
का, ते काकूलाही कळलं नाही.

परवा त्यांची शेवटची वही निघाली.
आकडे, गाठी, टिंबं,
वाचता येणारं घरात कोणी नाही.
अखेरच्या पानावर तेवढं देवनागरीत:

(शांतता)
पाच वाजून दहा मिनिटं.
पंखे बंद करायचे राहिलेत.