ऊन खायला सांगितलंय

डॉक्टर भुतडांनी रिपोर्टावर दोन आकडे गोल केले.
तीन महिन्यांची साखर : नऊ पूर्णांक एक.
ड जीवनसत्त्व : आठ.
म्हणाले, एक खाली आणायचंय, एक वर.
मी म्हटलं, रहाटासारखं?
ते हसले नाहीत.

भात कमी, साबुदाणा नको, चिकू नको,
आंब्याचं तर नावही नको.
शेवटी पेनाला टोपण लावता लावता म्हणाले,
आणि हो, ऊन खा.
अकराच्या सुमारास, वीस मिनिटं, हात उघडे ठेवून.

साखर निघाल्यापासून सात वर्षांत
मला कुणीतरी काहीतरी
खा म्हणालं.

आडगाव नाक्यावरून कंपनीची गाडी साडेपाचला सुटते,
तेव्हा अंधार असतो.
पिंपळगावच्या पॅकहाऊसला खिडक्या नाहीत.
डोक्याला जाळी, तोंडाला पट्टी, हातात मोजे,
स्वेटरवर एप्रन,
आणि ट्यूबलाइटखाली कात्री.
जानेवारी ते एप्रिल, बाहेर काय चाललंय
ते घडांच्या रंगावरून कळतं तेवढंच.
परततानाही अंधार.
सुट्टीच्या दिवशी स्कूटरवर निघाले तरी
स्कार्फ असा बांधायचा की नुसते डोळे उरावेत,
जसा बागेत घडाला कागद गुंडाळतात.

बागेत ब्रिक्स बघतात ते मी पाहिलंय.
मणी चिरडायचा, काचेवर थेंब,
नळी सूर्याकडे धरून एक डोळा मिटायचा.
उजेडाशिवाय आकडा दिसतच नाही.
अठरा भरला की बागाईतदार खूश, व्यापारी खूश.
मण्यात साखर भरते ती उन्हानं.
थेंब माझाही घेतात, पट्टीवर,
पण ही साखर
कुठल्या उन्हानं भरली म्हणायची?

मागच्या मार्चात मैनाताई गांगुर्डे
सहा नंबरच्या टेबलावर म्हणाली, जबडा ठणकतोय,
अक्कलदाढ असेल.
गारठ्यात तिला घाम फुटला होता.
आम्ही चिडवलं, बाई, तुला एकटीलाच उन्हाळा लागला.
छातीत काहीच दुखत नव्हतं.
साखरवाल्यांचं काळीज कधीकधी
ओरडतसुद्धा नाही, हे आम्हाला नंतर सांगितलं कुणीतरी.
रुग्णवाहिका दहाव्या मैलावर होती तेव्हा
तिच्या मुलाचा फोन
माझ्याच खिशात वाजत होता. तिची पिशवी,
तिचा डबा, तिचा मोबाइल,
सगळं माझ्याकडे.

तिनं ऊन खाल्लं असतं तर?
विचारलं मी डॉक्टरांना. त्यांनी खुर्ची मागे सरकवली.
म्हणाले, ड कमी आणि हृदयाला धोका,
मधुमेहात हे दोघं पुष्कळदा एकत्र सापडतात.
पण कोण कुणाला घेऊन आलं,
की तिसऱ्याच कुणी दोघांना आणलं,
ते अजून नक्की नाही सांगता येत.
पुड्या देऊन हृदय वाचतं, असंही मी म्हणणार नाही.
मग ऊन कशाला?
हाडांसाठी, म्हणाले.
आणि त्या निमित्तानं तुम्ही जिना चढाल.
साखरेच्या, प्रेशरच्या गोळ्या मात्र एकही चुकवू नका.

खरं बोलणाऱ्या माणसाचा
राग येतो आधी.

आज रविवार. आठवड्याची पुडी दुधात ढवळून घेतली,
तळाला राहिली तीही बोटानं.
तीन जिने. दुसऱ्यावर थांबले,
दम मोजला.
गच्चीत कुणाचे तरी गहू पसरलेत,
पलीकडे चामरलेण्यांचा डोंगर, तापू लागलेला.
बाह्या वर सारल्या.
मनगटापासून वरचा हात
दुसऱ्याच बाईचा वाटावा इतका फिका.

सवयीनं बोट सूर्यासमोर धरलं,
एक डोळा मिटला.
आकडा काही दिसला नाही.
कडेनं लाल, नुसतं लाल.

खालून विधातेवहिनी ओरडल्या,
अहो, काळ्या पडाल!
जेवतेय, म्हटलं.

वीस मिनिटं झाली होती.
थोडं आणखी वाढून घेतलं.