सातवा माणूस

माझं काम एवढंच : विसरायचं नाही.
विडी किती जळली होती, कोणतं बटण उघडं होतं,
बाहीवरचा डाग मनगटापासून किती बोटं वर.
उद्या माणूस पुन्हा तिथूनच मरायला हवा,
म्हणून वहीत टिपून ठेवते.
डाळिंबाचा रस आणि काकवी, हे आमचं रक्त.
माश्यांना फरक कळत नाही.

सार्डिनियाच्या डोंगरात
आम्ही सन अठराशे ब्याण्णव उभं केलं, तीन आठवड्यांपुरतं.
विजेचे खांब फांद्यांनी झाकले,
गावातल्या पोरांची घड्याळं काढून
एका टोपलीत ठेवली; ती दिवसभर
आपापली वेळ दाखवत राहिली.

गोष्ट जुनीच.
मेंढ्यांवरून एक खून, खुनावरून दुसरा,
तिसऱ्यापर्यंत मेंढ्या कुणाला आठवत नाहीत.

ओत्ताव्यो तोरिनोहून आलेला. डूख धरलेला मुलगा तो.
रात्र रात्र आरशासमोर जबडा आवळायचा.
चांगला नट, खोटं कशाला बोलू :
भाकरी मोडायचा तेव्हा वाटायचं
हा कुणाची तरी मान मोजतोय.
खुनी झालेल्या म्हाताऱ्या राइमोंदोनं मात्र
काहीच केलं नाही.
चुलीपाशी बसला,
आणि दाराकडे पाठ करायचं टाळलं.

मग रडणारी हवी होती.
गोनारिया आली, अठ्ठ्याहत्तर वर्षांची,
रोज आधी ठरवून, चष्मा काढून खिशात ठेवून.
पहिल्या टेकला लिहून दिलेलं नाव घेतलं.
दुसऱ्याला घसा बसला.
तिसऱ्याला तिनं प्रेताच्या गालावरून हात फिरवला
(प्रेत म्हणजे कॉलेजातला एक पोरगा, श्वास रोखून पडलेला)
आणि म्हणाली, तानिएल्ले,
तुझी कुत्री अजून झऱ्यापाशी बसते रे.
तुझा सदरा मी धुतलेला नाही.

पटकथेत तानिएल्ले नाही.
कुत्री नाही.

मागच्या भिंतीशी सात माणसं होती,
गावातलीच, भाड्याच्या काळ्या कोटांत.
सातव्यानं टोपी चढवली
आणि चौकटीबाहेर गेला. घाई नाही,
गोठ्याची कडी लावली का, ते बघायला जावं तसा.
उरलेल्या सहांनी मान वळवली नाही.
ओत्ताव्यो जबडा आवळायचा विसरला.
पुढे त्या उघड्या तोंडाला पारितोषिक मिळालं.

टेक तीन. मागे सहा. एक बाहेर.
आणि शेजारी बाण, उजवीकडे.

दिग्दर्शक म्हणाला, बोलवा त्याला, पुन्हा घेऊ.
पोरं जाऊन आली : दार बंद, अंगणात कोट घडी घालून ठेवलेला.
राहू द्या मग, तो म्हणाला,
कोण मोजतंय.

संध्याकाळी मी नोंदी शाईनं गिरवत बसले होते.
गोनारियानं नोटा दोनदा मोजल्या,
भाड्याची शाल परत केली, चष्मा लावला,
माझ्यापाशी आली.
सगळं लिहून ठेवणारी तूच ना?
हो.
तो कुठल्या बाजूनं गेला?

वही मांडीवर उघडी होती.
तिला वाचता येत होतं का, ठाऊक नाही.
बाणाला अक्षरओळख लागत नाही.
मी पानावर तळहात टेकवला.
आजी, म्हटलं, लक्षात नाही.

बावीस वर्षांच्या नोकरीत असं कधी म्हटलं नव्हतं.

तिनं निरोपाला माझा तोच हात हातात घेतला,
उलटा केला.
तळव्यावर ओला बाण उमटला होता,
डावीकडे तोंड करून.
ती बघत राहिली. मग माझी बोटं
एकेक करून मिटली, लहान मुलाच्या हातात
नाणं ठेवल्यावर मिटतात तशी,
आणि काठी टेकत डावीकडे निघाली.

डावीकडे वस्ती नाही.
तिकडे फक्त झरा आहे.