भिंतीपलीकडचा ग्राइंडर

अकरा वर्षं त्याचा ग्राइंडर ऐकत होतो मी,
मधे एकेरी विटेची भिंत.
नाव माहीत नव्हतं.
माझे बुश चाकणच्या एजंटाकडे जायचे
आणि दुसऱ्या टेम्पोने परत भोसरीतच,
भिंतीच्या त्या बाजूला, ग्राइंडिंगला.
जाऊन-येऊन चाळीस किलोमीटर, वर आठ टक्के त्याचे.
हे कळलं गेल्या दिवाळीनंतर,
तेही मोबाइलवर.

कुंदा फुगे भट्टी चालवते. तिच्या पोरीने बनवलं ते,
नोकरी सोडून घरी बसली होती तेव्हा.
आम्ही विचारलं, मालक कोण ह्याचा?
म्हणाली, कुणीच नाही.
आम्ही हसलो.
इथे दोन माणसं जमली
की तीन पदाधिकारी होतात.

म्हणाली, काका, तुमची वही तुमच्याकडेच.
फक्त एक खिडकी उघडी ठेवा :
आज कुठलं मशीन रिकामं आहे
आणि किती मायक्रॉनपर्यंत शब्द देता.

आता ड्रॉइंग येतं ते कुणा एकाकडे येत नाही.
टर्निंग माझ्या पुढ्यात पडतं, भट्टी कुंदाच्या,
झिंकचं पाणी तांबटांकडे,
शेवटचे पाच मायक्रॉन नियाज शिकलगारकडे.
त्याचं नाव मिळालं, चेहरा नाही.
पोऱ्या नेतो क्रेट, पोऱ्याच आणतो.
एखादा नसला तरी काम अडत नाही.
चांगलंच आहे, असं मी चारचौघांत सांगतो.
रात्री पाठ टेकली की
तेच वाक्य जरा वेगळं ऐकू येतं.

श्रावणात एका सोमवारी त्याची खिडकी मिटली.
उपलब्ध नाही.
चारशे बुश आपोआप तळवड्याला वळले,
मिनिटाचा उशीर नाही.
पोरगी खूश : बघा, कुठे काही तुटलं नाही.

मी लेथ बंद केला.
भिंतीला कान लावला.

मग रस्त्याने वळसा घालून गेलो.
गुरुवार नव्हता, तरी शटर अर्धं.
आत स्टुलावर एक बारीकसा माणूस,
उजवा हात बँडेजमध्ये,
डाव्या हाताने बशी सांभाळत.
वर बघून म्हणाला,
या. तुम्हीच ना ते,
रोज पावणेनऊला
चकची किल्ली खाली पाडणारे?

पोरीला सांगितलं, ह्याला तुझ्यात रकाना नाही.
ती थोडा वेळ गप्प होती.
म्हणाली, नसू दे, काका.